‘विच’ला मराठीत काय म्हणायचं? चेटकीण नको आहे

निशिगंधा
दिवाळी अंकासाठी एका इंग्रज बाईंच्या मुलाखतीचा अनुवाद करते आहे. बाई विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाच्या. आपण ‘मी वारकरी’ म्हणतो तितक्या सहज त्या स्वतःला ‘विच’ म्हणवतात. मी ‘विच’ तसंच ठेवलं होतं, संपादकांनी सगळीकडे ‘चेटकीण’ केलं. आता वाक्य असं झालंय: ‘मी चेटकीण आहे आणि माझ्या मुलींना ते लहानपणापासून ठाऊक आहे.’ वाचून अंगावर काटा येतो, आणि बाईंना तसं काही म्हणायचंच नाही. शब्द सुचवा, शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

बोरू
चेटकीणच ठेवा. इंग्रजीतही ‘विच’ ऐकून काटा यायचाच की! अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली 19 जणांना फाशी दिलं ते याच शब्दापायी. तोच शब्द आता या मंडळींनी हट्टाने अंगावर घेतलाय. मराठीत तो गुळगुळीत केलात तर त्यांचा हट्ट वाचकाला दिसणार कसा?

लीड्सकर
हट्ट आहे, पण त्यामागे कायदाही आहे. ब्रिटनमध्ये 1735चा कायदा होता. तो चेटूक खरं मानतच नव्हता. ‘मला येतं’ म्हणणाऱ्याला भोंदू ठरवून वर्षभर आत टाकायचा. मेलेल्यांशी बोलते म्हणणाऱ्या हेलन डंकन या बाईंना त्याच कायद्याखाली 1944 साली नऊ महिने कैद झाली. 1951 साली तो रद्द झाला आणि 1954 साली जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक छापून आपला हा विक्का पंथ उघड केला. म्हणजे हा शब्द अभिमानाने उच्चारायला आधी तुरुंगाची भीती जावी लागली.
माझ्या ऑफिसातली एक बाई विक्का मानते. 31 ऑक्टोबरच्या रात्री तिच्या घरी वारलेल्या आजीसाठी टेबलावर ताट मांडतात. मी तिला सर्वपित्री अमावस्येचं सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. या बाईला मी चेटकीण म्हणणार नाही.

सातपुडा
बोरू, तुमचा मुद्दा पुस्तकात ठीक आहे. मी नंदुरबारमधल्या धडगावकडे मास्तरकी केली आहे. तिकडे शब्द ‘डाकीण’. गावात कुणाचं पोर दगावलं, भगताने दाणे टाकून नाव सांगितलं, की त्या बाईचं पाणी तुटतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईवर हा आळ आला. मुलगी शाळेत यायची, पण डब्याच्या वेळी तिच्या पंगतीला कुणी बसायचं नाही. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ‘मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते’ असा आळ घेणं हासुद्धा गुन्हा आहे. हे कलमात लिहावं लागलं, कारण असे आळ खरोखर घेतले जातात. त्या शब्दाला अभिमानाचा अर्थ चिकटायला अजून फार वेळ आहे हो. ‘विच’च राहू द्या.

पाटीपूजन
उठसूट इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा तर अनुवाद करायचाच कशाला? आपल्याकडे जादूटोण्यासाठी वैदिक ‘यातु’ आहे. फारसी ‘जादू’ त्याचाच चुलतभाऊ, पारशांच्या अवेस्ता ग्रंथातही ‘यातु’च. त्यावरून ‘यातुविद्या’, ‘यातुसाधिका’. स्वच्छ शब्द, कुणाच्या आजीने त्याची भीती घातलेली नाही.

बोरू
स्वच्छ? ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (104वं सूक्त) ऋषी शपथ घेतो: मी यातुधान (जादूटोणा करणारा) असेन तर आजच मरून जावो. म्हणजे त्याच्यावर तसा आळ आला होता आणि तो जिवाच्या आकांताने नाकारतो आहे. सातपुड्यातली बाई करते तेच. तुमचा शब्द सगळ्यांत जुना डाग घेऊन आलाय.

पाटीपूजन
वेदातला अर्थ आज कुणाच्या ध्यानात असतो? शब्द वापराने घडतात.

बोरू
हेच तर मी ‘चेटकीण’बद्दल म्हणतोय!

तळकोकणातली
मुळात चेटकीण म्हणजे काय यावरच घोळ आहे. उलट्या पायांची ती हडळ, ती मेलेली. चेटकीण जिवंत बाई. आणि ‘चेटूक’ हे संस्कृत ‘चेट’ म्हणजे नोकर, त्यावरून आलं असावं असं मला फार वाटतं. मृच्छकटिक नाटकात शकाराचा गाडी हाकणारा स्थावरक हा चेटच. आमची आजी म्हणायची, अमक्याने ‘चेडा’ विकत आणलाय, तो त्याची शेतं राखतो. राबणारं भूत! चेटकीण म्हणजे ज्या बाईच्या हुकमात असा चेडा आहे ती.

निशिगंधा
सगळं वाचते आहे, खूप आभार. एक अडचण राहिली: मुलाखतीत बाईंचे यजमानही स्वतःला ‘विच’च म्हणवतात. विक्कात बाई-पुरुष दोघांना तोच शब्द. ‘चेटकीण’ घेतलं तर त्यांचं काय करू?

लीड्सकर
जुन्या इंग्रजीत ‘विक्का’ हे पुल्लिंगीच होतं, स्त्रीलिंगी रूप वेगळं. उच्चार ‘विच्चा’च्या जवळचा.

मडगावचो
तळकोकणातली ताई, मग मालवणीतल्या ‘चेडवा’चं काय? चेडू म्हणजे मुलगी. आमच्याकडे कोंकणीत चेडो म्हणजे मुलगा, चेडूं म्हणजे मुलगी. लाडाने हाक मारतो त्याच शब्दातून भूत कसं निघालं?

तळकोकणातली
प्राकृतात ‘चेड’ म्हणजे नोकरही आणि पोरगाही. घरात राबणाऱ्याला ‘पोऱ्या’ म्हणतातच ना, तसं. एक फाटा घरात राहिला, दुसरा भगताकडे गेला.

सातपुडा
पटत नाही. भिलीतली ‘डाकण’ कुणाला राबवत नाही, ती काळीज खाते म्हणतात. चेडा आणि डाकीण एका दावणीला बांधू नका.

मडगावचो
डाकीण वेगळी, मान्य. पण ताई, तुमच्या आजीचा चेडा नारळात बांधून आणायचे का? आमच्याकडे देवचार असतो, तो शेताची राखण करतो, पण त्याला विकत कुणी आणत नाही. त्याला रोट आणि सोरो (दारू) द्यावा लागतो.