घरी काढलेल्या नक्षीवर हक्क कोणाचा? मदत हवी आहे

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील एका कारखान्यात चादरी आणि टॉवेलांसाठी जेकार्डच्या (मागावर विणतानाच कापडात उमटणाऱ्या) नक्ष्या तयार करतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, नोकरीचे काम म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला हक्कदार मालक असतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण पगार त्याच कामाचा मिळतो. प्रश्न आहे तो त्याने सुटीच्या दिवशी, घरच्या संगणकावर, कोणी सांगितलेले नसताना काढलेल्या मोरांच्या नक्षीचा, जी पाहताच मालकांनी ती कारखान्याचीच असल्याचे सांगितले. नेमणूकपत्रात याविषयी एक ओळही नाही (आपल्याकडे नेमणूकपत्र मिळाले हेच पुष्कळ). शिवाय, डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवता येण्याजोगी नक्षी न नोंदवता तिच्या पन्नासपेक्षा अधिक प्रती यंत्रावर निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याच्याच कलम १५ नुसार तिच्यावरील कॉपीराइटच संपतो, म्हणून माग सुरू होण्यापूर्वी निर्णय हवा आहे. अशा कामाला ‘नोकरीच्या ओघातील’ मानतात का, आणि भावाने स्वतःच्या नावे नोंदणीचा अर्ज करावा की आधी मालकांशी लेखी करार करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.