मदत हवी आहे: चार शर्यती जिंकूनही ७ नंबरची गाडी हरली कशी? (वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप २०२३)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

मोटार शर्यतींमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, त्यामुळे गाडीचा पत्रा कळतो, शर्यत नाही. भाचा मात्र त्यातला वेडा. सुट्टीत चार दिवस राहायला आला आणि २०२३ चा अख्खा सीझन, सातही शर्यतींचे हायलाइट्स, मला शेजारी बसवून दाखवले. शेवटची शर्यत लावायच्या आधी थांबला आणि म्हणाला, "मामा, बोल आता, चॅम्पियन कोण?"

कुठे कुठल्या नंबरची गाडी जिंकली, हे मी वहीत टिपून ठेवलंच होतं. सेब्रिंग टोयोटा ७, पोर्तिमाव टोयोटा ८, स्पा ७, ले मान्स फेरारी ५१, मोंझा ७, फुजी ७. म्हटलं, यात विचारायचं काय? ७! पैज लागली, हरेल त्याने तांबडा-पांढरा करायचा.

बहरीनला ८ जिंकली आणि चॅम्पियनही तीच झाली. ८ चे गुण १७२, ७ चे १४५. म्हणजे चार विजयवाली दुसरी आणि दोन विजयवाली पहिली.

भाच्याचं उत्तर एकच: "ले मान्सला दुप्पट गुण असतात ना." हे मला पटत नाहीये. ले मान्स तर या दोघींपैकी कुणीच जिंकली नाही, मग दुप्पटीचा फायदा ८ ला कुठून झाला? कुणीतरी हिशेब सोडवून दाखवा. आणि एक बावळट प्रश्न: दोन्ही गाड्या टोयोटाच्याच, तर भांडण कसलं?

निशाचर

बावळट नाही, रास्त प्रश्न आहे. किताब दोन असतात. कंपनीचा वेगळा, तो टोयोटाने फुजीलाच खिशात घातला. चालकांचा वेगळा, आणि एका गाडीचे तीन चालक म्हणजे एक संघ. ८ मध्ये ब्युएमी, हार्टली, हिराकावा. ७ मध्ये कॉनवे, कोबायाशी, लोपेझ. बरं, कोबायाशी हा त्या वर्षी टोयोटाच्या संघाचा प्रमुखही होता. म्हणजे ज्या ८ नंबरने त्याचा किताब नेला, तिची जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर.

गुण असे. सहा तासांच्या शर्यतीला पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असे खाली दहाव्यापर्यंत. सेब्रिंग आणि बहरीन लांबच्या, तिथे साधारण दीडपट: ३८, २७. ले मान्स २४ तासांची, तिथे दुप्पट: ५०, ३६. पोलचा, म्हणजे पात्रता फेरीत पहिलं आल्याचा, एक गुण वेगळा. ले मान्सला ८ दुसरी आली, तिला ३६ मिळाले. भाचा बरोबर आहे.

टायरघाशा

भाचा अर्धाच बरोबर आहे. कागद घेऊन बसा.

७: सेब्रिंग ३८, पोर्तिमाव २, स्पा २५, ले मान्स ०, मोंझा २५, फुजी २५, बहरीन २७, पोलचे ३. एकूण १४५.

८: सेब्रिंग २७, पोर्तिमाव २५, स्पा १८, ले मान्स ३६, मोंझा ८, फुजी १८, बहरीन ३८, पोलचे २. एकूण १७२.

आता दीडपट-दुप्पट सगळं काढून टाका आणि सातही शर्यतींना सारखेच २५-१८ द्या. पोल सोडून ८ चे होतात १३० आणि ७ चे १२०. तरी ८च पुढे!

मग ले मान्सची ओळच खोडून बघा. ७ चे १४५ तसेच राहतात, ८ चे उतरतात १३६ वर. आता ७ चॅम्पियन. म्हणजे दुप्पटीने नाही, ७ च्या शून्याने घात केला. दुप्पट नसती तरी शून्य ते शून्यच.

धागाकर्ता

वा! हे डोक्यात शिरलं. रणजी क्रिकेटमध्ये निर्णायक विजय कमी असलेला संघ पहिल्या डावाच्या आघाडीवर तीन-तीन गुण गोळा करत वर सरकतो, तसंच की हे. पण ७ ला ले मान्सला शून्य आणि पोर्तिमावला २ कशामुळे? भाच्याने हायलाइट्स पळवत दाखवले, तिथेच बहुतेक निसटलं.

निशाचर

ले मान्सची शर्यत मी रात्रभर जागून पाहिली आहे, त्यामुळे तेवढं सांगतो. तिथे अपघात झाला की तेवढ्या पट्ट्यात सगळ्यांनी ताशी ८० वर यायचं असतं, त्याला स्लो झोन म्हणतात. मध्यरात्रीच्या सुमाराला कोबायाशीने नियमाप्रमाणे वेग उतरवला आणि मागून येणाऱ्यांनी त्याला ठोकलं. ६२ गाड्या, त्यात निम्म्याहून जास्त हळू वर्गातल्या, अंधार, अधूनमधून पाऊस. गाडीचं मागचं सगळं गेलं. खुरडत पिटपर्यंत, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यापर्यंत, न्यायचा प्रयत्न केला त्याने, पण वाटेतच थांबली. चूक त्याची नव्हती, हेच जास्त लागतं.

आणि ८ काही धुतल्या तांदळासारखी नव्हती बरं का. दोन तासांपेक्षा कमी वेळ राहिला होता, फेरारी टप्प्यात होती, आणि हिराकावाचे मागचे ब्रेक आर्नाजच्या वळणावर लॉक होऊन गाडी कठड्यावर गेली. पुढचं-मागचं बदलून परत निघाले आणि दुसरे आले. फेरारी ५० वर्षांनी सर्वोच्च वर्गात परतली आणि १९६५ नंतरचा इथला पहिला एकूण विजय, तोही ले मान्सच्या शताब्दीला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, टोयोटावाल्यांनी माफ करावं.

काटा_काढा

फेरारीचा विजय म्हणे! शर्यतीच्या थोडं आधी टोयोटावर ३७ किलो वजन लादलं आणि फेरारीवर २४. तेही लिहा की.

टायरघाशा

ते बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सचं दुखणं आहे. सगळ्यांना सारखं करायच्या नादात वजन आणि ताकद वर-खाली करतात. त्यावर वेगळा धागा काढा, इथे मामांच्या पैजेचं बघू. ३७ किलो तर ७ आणि ८ दोघींवरही होते.

पोर्तिमावचं मी सांगतो. या गाड्यांच्या ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यावर, टॉर्क सेन्सर लावणं सक्तीचं आहे, गाडी ठरलेल्यापेक्षा जास्त ताकद तर वापरत नाही ना हे पंचांना कळावं म्हणून. ७ चा तो सेन्सर बिघडला. गाडी ठणठणीत, पळायला तयार, पण मोजमाप करणारी वस्तू गेली म्हणजे पिटमध्ये यायचं आणि बदलून घ्यायचं. त्यात फेऱ्या गेल्या आणि नववा क्रमांक पदरी पडला.

स्पाला याउलट. त्या वर्षी टायर आधी गरम करून ठेवायच्या भट्ट्यांवर बंदी होती. थंड टायरवर पात्रता फेरीत हार्टलीने ८ नंबर आपटली. मागून सुरुवात करून शर्यतीत दुसरे आले, १८ गुण. हे असले गुण वहीत विजय म्हणून दिसत नाहीत. (ती बंदी पुढे ले मान्सपुरती उठवली, थंड टायरवर फार गाड्या आपटायला लागल्या म्हणून.)

जुना_खेळाडू

थोडं अवांतर. आपल्याकडच्यांना हे सगळं ओळखीचं वाटावं. २००९ ला नारायण कार्तिकेयन ले मान्सला ऑडीत बसणार होता. सुरुवातीच्या आधी पिटच्या भिंतीवरून पडला आणि खांदा निखळला. उरलेल्या दोघांनीच २४ तास गाडी हाकली आणि सातवी आणली. त्या दोघांतला लोटरर पुढे ऑडीकडून तीनदा ले मान्स जिंकला. ले मान्सला प्रत्यक्ष शर्यत करणारा पहिला भारतीय ठरला करुण चंधोक, २०१२ ला, आणि त्यांची गाडी सहावी आली.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टायरघाशांचा कागद फोटो काढून भाच्याला पाठवला. "दुप्पट" वरून तो मागे हटायला तयार नाही, म्हणतो १८ जास्तीचे गुण मिळालेच ना. मिळाले रे बाबा, पण २७ चा फरक त्यातून पुरा होत नाही!

त्या सेन्सरचं मात्र वाचून पोटात कालवलं. मागच्याच महिन्यात आमच्या प्रेसच्या लाइट कर्टनच्या सेन्सरवर तेलाचा थर बसला. प्रेस ठणठणीत, डाय बसवलेली, पत्रा लावलेला, आम्ही सहा जण हातमोजे घालून उभे. पण सेन्सरला वाटतंय आत कुणाचा तरी हात आहे, म्हणून मशीन हलेना. अडीच तास. शेवटी मेंटेनन्सच्या पोराने रुमालाने काच पुसली आणि सुरू झाली. संध्याकाळी रिपोर्टमध्ये आमच्या शिफ्टच्या नावापुढे आकडा लिहिला गेला तो गेलाच.

मटण रविवारी आणतोय. पांढरा रस्सा मला जमत नाही, तो बहिणीकडून करून घेईन.