बागेचं गेट आणि ‘डॉन’

ए-४०२: सेक्रेटरीसाहेब, पाटीवर ‘डॉन टू डस्क’ लिहिलंय ना? मग आजही कुलूप? चांगलं उजाडलं होतं. वॉचमन म्हणतो, सूर्य वर आल्याशिवाय किल्ली लावायची नाही!

बी-१०१ (सेक्रेटरी): डॉन म्हणजे सूर्योदयच. कमिटीत ठरलंय.

ए-४०२: अहो, सूर्योदय म्हणजे सनराइज. डॉन त्याच्या आधीचा, तांबडं फुटतं तेव्हाचा.

सी-२०३: डॉन आमच्या मजल्यावर राहतो. त्याच्या गाडीसमोर जरा स्कूटर लावून बघा 😄

सी-२०४: टोमणा कळला. गाडी माझ्याच जागेत असते.

डी-३०१: पाटीवर घड्याळातली वेळ लिहा.

बी-३०५: ‘डॉन’ मुळात इंग्रजी क्रियापद, ‘दिवस होणे’ अशा अर्थाचं. ‘डे’च्याच कुळातलं. नाम म्हणून नंतर रुळलं, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. ‘इट डॉन्ड ऑन मी’ म्हणतात ते त्यातूनच, डोक्यात हळूहळू उजेड पडणं.

ए-४०२: कमिटीच्या डोक्यात कधी पडणार?

बी-१०१ (सेक्रेटरी): कृपया भाषा जपावी. आम्ही पगारी नाही.

ए-१०२: नुसतं डॉन म्हणून भागत नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की खगोलीय, १२ वर नाविक, ६ वर नागरी. १८ ला डोळ्यांना काळोखच वाटतो. १२ ला समुद्रावर क्षितिजरेषा दिसू लागते. ६ ला दिव्याशिवाय वावरता येतं. बागेला नागरी लावा.

सी-२०३: काका, नाविक लावा, पाण्याच्या टाकीवरून जहाज सोडू.

बी-१०३: हसा! बाग माझ्या खिडकीखाली आहे. तुमच्या हास्यक्लबच्या त्या टाळ्या आणि ‘हा हा हा’ मला ऐकावे लागतात. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ए-१०२: तो विषय मिटला होता, वहिनी.

बी-१०३: तुमच्यापुरता.

डी-३०१: पुन्हा सांगते, पाटीवर घड्याळातली वेळ लिहा.

बी-१०१ (सेक्रेटरी): मॅडम, उजाडण्याची वेळ वर्षभर सरकते. म्हणूनच आकडा टाकला नाही.

ए-४०२: मग सूर्योदयाआधी अर्धा तास उघडा. विषुववृत्ताजवळ ६ अंश ते सूर्योदय वीस-बावीस मिनिटांचंच काम. ध्रुवांकडे राहत असतो तर गोष्ट वेगळी.

बी-१०३: अर्धा तास चालेल. आवाज चालणार नाही.

बी-१०१ (सेक्रेटरी): रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. तोवर वॉचमनला तसं सांगतो.

डी-३०१: आणि पाटी?

सी-२०४: आधी माझ्या गाडीबद्दलचा मेसेज डिलीट करा.