साडेचार वर्षांचा मुलगा (ऑटिझम) स्वतः जेवत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला असतो. मुलाचं ऑटिझमचं निदान गेल्या वर्षी झालं. बोलणं अगदी थोडं, समजतं मात्र बरंच. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) चालू आहे.

सध्या त्याला आजी भरवते. समोर मोबाइल, तोंडात घास. वरणभात, दुधात कुस्करलेली पोळी आणि पोहे, यापलीकडे काही चालत नाही. हाताला ओलं लागलं की हात झटकतो, कपड्यांना पुसतो आणि मग ताटाकडे बघतसुद्धा नाही. पण पोह्यांवरची सेव? एकेक काडी चिमटीत उचलून बरोबर तोंडात! (इंदूरचं पाणी, दुसरं काय.) म्हणजे बोटं चालतात, हात तोंडापर्यंत जातो. अडतंय ते ओल्या-चिकटाशी. चमचा धरतो, पण तोंडाशी येईपर्यंत तो उपडा होतो.

एप्रिलपासून शाळा आहे आणि डबा स्वतः खाता यायला हवा असं त्यांनी सांगितलंय. थेरपिस्ट म्हणतात चमच्यापासून सुरू करा. सासूबाई म्हणतात, आपल्यात हातानं जेवतात, चमचा कशाला? मला दोघींचंही पटतं, हीच पंचाईत. मोबाइल आधी बंद करायचा की चमचा जमल्यावर? मी जरा थांबले की सासूबाई "लेकरू उपाशी राहील" म्हणून ताट स्वतःकडे ओढतात. त्याचं वजन जेमतेम, त्यामुळे मलाही ताणून धरता येत नाही.

घरी हे ज्यांनी केलंय त्यांनी रोज नेमकं काय केलं ते सांगा. धीर धरा असं कृपया सांगू नका, तो भरपूर आहे.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून

ताई, आमच्या मुलीला शेवटाकडून शिकवलं. आपण मागे बसायचं, समोर नाही. तिच्या हातावर आपला हात ठेवून चमचा भरायचा, ओठांपर्यंत न्यायचा आणि तिथे हात सोडायचा. तोंडात घालणं तेवढं तिचं. ते जमलं की हात थोडा आधी, हनुवटीपाशी सोडायचा. मग त्याच्याही आधी. चमचा भरणं सगळ्यात शेवटी येतं, कारण तेच सगळ्यात अवघड. दर घास मुलाच्या तोंडातच संपतो, त्यामुळे चिडचिड कमी होते.

चमचा उपडा होतो तर पातळ वरणभात सध्या नको. मऊ घट्ट खिचडी, शिरा, दहीभात असं चमच्याला धरून राहणारं द्या. दांडा जाड हवा, नसेल तर कापड गुंडाळा. वाटीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. आणि पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. बूड आणि पाय स्थिर नसले की हातही डगमगतो. शेजारी ओला नॅपकिन ठेवा, पुसावंसं वाटलं की पुसू दे.

सुरुवातीचे चार-पाच घास असे, भूक कडकडून असताना. उरलेलं आजींनी भरवावं. मोबाइलही फक्त त्या पहिल्या घासांपुरता बंद. दोन्ही लढाया एकदम नकोत.

दुसरा प्रतिसाद

हात की चमचा हा वादच नको. कोरडं हातानं, ओलं चमच्यानं. सेव उचलतो तर चुरमुरे, पोळीचे कडक तुकडे, खाकरा हातानं सुरू करा. ओल्याची सवय जेवणाबाहेर लावा: कणीक मळताना त्याच्या हातात गोळा द्या, आधी कोरडं पीठ. जबरदस्तीनं हात बुडवू नका. घास घेताना ठसका लागत असेल, वजन घटत असेल किंवा आहेत तेही पदार्थ खायचं तो सोडू लागला तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि मागे बसायचं काम आजींनाच द्या. थेरपीच्या एका सेशनला घेऊन जा त्यांना.

धागाकर्ती

आजींना न्यायचं सुचलंच नव्हतं, विचारते. सुरुवात सकाळच्या नाश्त्याला करीन, तेव्हा भूक असते. एकच राहिलं: शिरा डब्यात थंड झाला की घट्ट गोळा होतो. चमच्यानं खाता येईल आणि दोन-तीन तास मऊ राहील असं काय देता तुम्ही? दही त्याला चालत नाही.