मदत हवी आहे: लहान मुलांना तळ्यावर कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो. रविवारी सकाळी मुलांना एखाद्या तळ्याकाठच्या बागेत न्यायचा विचार आहे. थोरला चार वर्षांचा, धाकटी नुकती चालायला लागलीय. थोरल्याला बदक हवंय, धाकटीला फक्त पाणी (म्हणजे पाण्यात जायचंच). सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात.

पवई तलाव सगळ्यात जवळ, पण तिथे मगरी आहेत, शिवाय जलपर्णीही. लांबून बघायला छान, पण धाकटीला तिथे मोकळं सोडायची माझी तरी छाती नाही. ठाण्याला मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी: बोटिंग आहे, कौपिनेश्वराचं दर्शनही होईल, म्हणून सासूबाईंचं मत तिकडे. पण रस्त्याची वर्दळ अगदी लागून. ठाणे महापालिका मुख्यालयाजवळचा कचराळी तलावही ऐकून आहे.

लहान मुलं घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा: कचराळीला काठाला नीट कठडा आहे का? बाबागाडी फिरवता येते का? आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह बरं आहे का? बाकी खाऊ, पाणी, चटई आम्ही आणूच. बदकं असली तर पाव घालू देणार नाही, पावाने त्यांचं पोषण होत नाही आणि उरलेला पाण्यात कुजतो. थोरल्याला हे पटवणं वेगळंच प्रकरण आहे.

रविवारी मेगाब्लॉक असला तर रिक्षानेच जाऊ, त्यामुळे मुलुंडच्या आसपास असं काही असेल तर तेही सुचवा.