डिलिव्हरीच्या पोरांना हान लागू पडतात का?

मीरा_सातारा: बीएच्या वर्गाला ब्युंग-चुल हान हे जर्मनीतले तत्त्वज्ञ शिकवतेय. २०१० च्या छोट्या पुस्तकात ते म्हणतात, फ्रेंच विचारवंत फूकोनं मांडलेला शिस्तीचा समाज, म्हणजे शाळा-कारखाने-तुरुंग बाहेरून धाक घालतात तो, मागे पडला. आता माणूस 'मला जमेल' म्हणत स्वतःच स्वतःला राबवतो. वर्गातला एकजण रात्री उशिरापर्यंत जेवण पोचवतो. त्यानं फोन पुढं केला: इन्सेन्टिव्हला दोन ऑर्डरी कमी, आणि ऑर्डर येणंच बंद. "मॅडम, मी कुठं राबवतोय स्वतःला? हे ॲप राबवतंय." मला त्याचं पटतंय. तुम्हाला?

जुना_वाचक: पोरगं बरोबर बोललं, मीराताई. हान प्राध्यापकांना नि आयटीवाल्यांना चपखल बसतात. त्याला फ्रेंच तत्त्वज्ञ देल्यूझ द्या. त्याच्या १९९० च्या टिपणात त्याचा सहलेखक ग्वातारीनं कल्पिलेलं शहर आहे: कार्डानं फाटक उघडतं, पण एखाद्या दिवशी तेच कार्ड नाकारलं जातं. मुद्दा फाटकाचा नाही, प्रत्येकाची जागा टिपणाऱ्या संगणकाचा. ॲपवर पोराचा आयडी ब्लॉक होणं म्हणजे दुसरं काय?

कोरेगावकर: इतकंही सरळ नाही. माझा भाऊ बाइक टॅक्सी चालवतो, अंगात ताप असला तरी 'टार्गेट माझं मीच ठेवलंय' म्हणून निघतो. तिथं हान आहेतच. पण मालक दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचालकांना कामगाराचे हक्क दिले. भाडं, अटी कंपनीच ठरवते, रेटिंगवरून कामावर लक्षही तीच ठेवते, हे त्यात मोठं कारण होतं.

मीरा_सातारा: हा निकाल वर्गात घेतेच. सोबत राजस्थानचा २०२३ चा गिग कामगार (ॲपवरून कामं घेणारे) कायदा. मांडणी त्या डिलिव्हरीवाल्या पोरालाच करायला सांगते, सुट्टीच्या दिवशी.