बोन्साय शिकण्यासाठी नाशिकमध्ये वर्षभर नर्सरीत जावे का?

गच्चीवरची_इंदिरानगर यांचा प्रश्न

नमस्कार. मी इंदिरानगरमध्ये राहते आणि गेली अकरा वर्षे गच्चीवर बाग करते. मोगरा, कढीपत्ता, पालेभाज्या यांत मला फारशी अडचण येत नाही. बोन्सायचा मात्र पहिलाच अनुभव दुःखद ठरला. यंदा एप्रिलमध्ये मी एका दिवसाच्या कार्यशाळेला गेले होते. तेथे प्रत्येकाला ज्युनिपर या थंड हवेतल्या झाडाचे एक रोप, एक उथळ कुंडी आणि ॲल्युमिनियमची तार मिळाली. चार तासांत आम्ही फांद्या छाटल्या, तार चढवली, खोड वाकवले, मुळे कापली आणि झाड नव्या कुंडीत बसवून घरी आणले. साधारण तीन आठवडे ते हिरवेगार दिसत होते. त्यानंतर टोकांपासून तांबूस पडत गेले आणि मे संपायच्या आत पूर्ण वाळले. कार्यशाळा घेणाऱ्यांना मी कळवले, तेव्हा 'पाणी कमी पडले असेल' एवढेच उत्तर आले. मी एकाही दिवशी पाणी चुकवलेले नव्हते, म्हणून ते उत्तर मनाला फार लागले.

आता गंगापूर रस्त्याच्या बाजूला केवळ बोन्सायचीच झाडे असलेली एक नर्सरी मला कळली आहे. तेथे दर रविवारी सकाळी मोजक्या लोकांना वर्षभर शिकवतात आणि शिकणाऱ्याचे स्वतःचे झाडही तेथेच ठेवू देतात. एवढा वेळ देणे योग्य ठरेल का, आणि नाशिकच्या हवेत सुरुवात कोणत्या झाडाने करावी? आणखी एक गोष्ट आहे. आमच्या सासूबाई वटपौर्णिमेला वड पुजतात आणि वडाला कुंडीत खुरटवून ठेवणे त्यांना पटत नाही. त्यांचे म्हणणे उडवून लावावे असे मला वाटत नाही, त्यामुळे याविषयीही जाणकारांनी लिहावे.

सहा_पावसाळे

ताई, आधी ज्युनिपरविषयी लिहितो, कारण तुम्ही विनाकारण स्वतःला दोष देत आहात असे दिसते. ज्युनिपर मेल्यानंतरही काही आठवडे हिरवाच दिसतो. त्याच्या पानांचा रंग उशिरा उतरतो, त्यामुळे माणसाला मृत्यू मे महिन्यात दिसतो आणि घाव मात्र एप्रिलमधला असतो. छाटणी, खोड वाकवणे आणि मुळे कापणे हे तीन मोठे आघात एकाच दिवशी, तेही नाशिकचा पारा चाळिशीकडे निघालेला असताना झाले, तर थंड हवेतल्या झाडाने तग धरावा ही अपेक्षाच चुकीची होती. अनुभवी माणूस यांतले एक काम करतो आणि झाड सावरेपर्यंत, प्रसंगी पुढच्या हंगामापर्यंत, थांबतो.

वर्षभर जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध 'होय' असे आहे. मी स्वतः अशाच एका नर्सरीत सहा वर्षे जातो आहे. कार्यशाळेत हाताची कृती शिकता येते, परंतु त्या कृतीला झाडाने काय उत्तर दिले हे कळायला तेच झाड जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत डोळ्यांसमोर असावे लागते. पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, असे जपानी बोन्साय कारागीर म्हणतात. पहिल्या चार महिन्यांत माझ्या हाती पाण्याची झारी, गवत उपटायचा चिमटा आणि चाळण्या यांपलीकडे काही दिले गेले नाही. तेव्हा मी मनातून नाराज झालो होतो. आज ते चार महिने मला सर्वांत मोलाचे वाटतात.

पाण्याचा पहिला धडा आम्हाला स्पंजाने दिला गेला. भांडी घासायचा एक स्पंज पाण्यात बुडवून शिक्षकांनी तो तळहातावर आडवा धरला आणि निथळणे थांबेपर्यंत आम्हाला गप्प उभे केले. शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी तोच स्पंज उभा केला, तर खालच्या कडेतून पुन्हा धार लागली. कुंडी कितीही उंच असो, मातीच्या तळाशी पाण्याचा ठरावीक उंचीचा थर अडकून राहतो. उंच कुंडीत तो मुळांपासून लांब असतो आणि उथळ कुंडीत मुळे त्यातच बुडून बसतात. म्हणूनच बोन्सायच्या मातीत दोन ते पाच मिलिमीटरचे विटांचे तुकडे, जाड रेती आणि थोडे पूर्ण कुजलेले पानखत असते, आणि बारीक भुकटी चाळून काढून टाकावी लागते. आपली काळी माती शेतात कितीही गुणी असली तरी येथे घात करते, कारण ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. पाणी कधी द्यावे हे घड्याळावरून ठरवू नका. बांबूची एक पातळ काडी कुंडीत खोवून ठेवावी आणि सकाळी उपसून गालाला लावून पाहावी. गार लागली तर थांबावे. मे महिन्यात हीच काडी तुम्हाला दिवसातून दोनदा पाणी घालायला लावेल, आणि पावसाच्या झडीत कुंडीला हातही लावू देणार नाही.

झाडांविषयी सांगायचे तर वड, उंबर, बाजारात फायकस म्हणून मिळणाऱ्या वडाच्याच कुळातील जाती, विलायती चिंच, बोगनवेल, कामिनी आणि जेड ही नाशिकच्या उन्हाला सरावलेली किंवा लवकर सरावणारी झाडे आहेत. पहिले झाड फायकस घ्यावे, असे मी सुचवीन. एक सावधगिरी मात्र बाळगावी: बटाट्यासारखी फुगीर मुळे आणि वर कलम केलेला पानांचा झुबका असलेले झाड 'तयार बोन्साय' म्हणून सर्रास विकले जाते. ते मरत नाही हे खरे, पण खोड हळूहळू निमुळते होत जाणे आणि फांद्यांची रचना यांविषयी ते काही शिकवत नाही. त्याऐवजी बुंध्याशी चारही बाजूंना मुळे पसरलेले साधे रोप शोधा. बुंधा जाड व्हायला हवा असेल तर ते दोन-तीन वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळे वाढू द्या, कारण उथळ ट्रेमध्ये बसवल्यानंतर खोडाची जाडी जवळजवळ थांबते. फायकसची मुळे कापून कुंडी बदलायची असेल तर जून उजाडू द्यावा, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक मुळे काढू नयेत.

तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश असावी आणि वेढे पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरके पडावेत, हे कुठेही वाचायला मिळते. पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने जाड होतो की तार महिन्याभरात सालीत रुतू शकते, हे मी माझ्या पहिल्या झाडावर शिकलो. त्या झाडाच्या डाव्या फांदीवर मळसूत्रासारखा व्रण अजून आहे. आता मी जुलै-ऑगस्टमध्ये दर आठ दिवसांनी नखाने तार चाचपून पाहतो आणि तार काढताना उलटी उलगडत न बसता तुकडे कापून काढतो.

तुमच्या सासूबाईंची भावना मला समजते. त्यांना एवढे सांगावे की बोन्साय उपाशी ठेवून लहान राहत नाही. त्याला खत लागते, ऊन लागते, ठरावीक वर्षांनी ताजी माती लागते. लहान राहते ते छाटणीमुळे. माझ्याकडे वडाचे एक झाड आहे. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा त्याला पारंब्या फुटतात आणि मी त्या सरबताच्या नळीत ओले मॉस भरून मातीपर्यंत उतरवतो, नाहीतर आपल्या कोरड्या हवेत त्यांची टोके वाळून जातात. पंचवटीत सीतागुंफेजवळचे वड ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत, त्यांना हातभर उंचीच्या झाडावरून खाली निघालेली ती पारंबी एकदा दाखवावी.

दिंडोरीचा_मळा

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. आमचा द्राक्षाचा मळा आहे आणि बोन्सायकडे मी तीन वर्षांपूर्वी वळलो, म्हणून मळ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. नाशिककराने छाटणी शिकायला परक्या मुलखातून सुरुवात करण्याची गरज नाही. द्राक्षवेलीच्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दिवसांतच डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या अंकुरात, घड धरायचा की नाही हे ठरते, आणि ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बाहेर दिसते. शेंडा मारला की खालचे डोळे जागे होतात, हे आमच्याकडे कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते. बोन्सायमध्ये नियम तोच आहे. फरक एवढाच की आम्ही डोळा फळासाठी निवडतो आणि तुम्ही दिशेसाठी निवडाल. फांदी डावीकडे न्यायची असेल तर डावीकडे तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कापावे.

तार चढवण्याचा सराव जिवंत झाडावर करू नका. छाटणीच्या दिवसांत कोणत्याही मळ्यावर ताज्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. मागितल्या तर कोणी नाही म्हणणार नाही. द्राक्षाची काडी पेराशी चटकन मोडते, त्यामुळे वाकवताना अंगठा नेमका कोठे टेकवायचा हे ती दहा-बारा काड्यांत शिकवते. मी पहिल्या दिवशी वीस काड्या घेतल्या होत्या, त्यांतल्या सतरा मोडल्या.

आणखी एक अनुभव नोंदवून ठेवतो. आमची एक जुनी बाग काढली, तेव्हा दोन वेलींची पिळदार खोडे मी बोन्सायसाठी वाचवली. त्यांतले एक खोड बुटके करण्याच्या नादात मी कलमाच्या जोडाखाली कापले. फूट जोमदार आली, पाने मात्र निराळीच निघाली, कारण आपल्याकडील बऱ्याच बागा डॉगरिज नावाच्या दुसऱ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या खोडावर, कलम केलेल्या आहेत आणि आता वाढत होता तो खुंट. जुन्या वेलीवर काम करणाऱ्यांनी जोड कोठे आहे हे आधी पाहावे. दुसरी वेल जगली आहे. तिच्या सालीचे पापुद्रे निघतात आणि पाच बोटे जाडीच्या खोडावर फक्त दोन फांद्या मी ठेवल्या आहेत. द्राक्षे कुंडीच्या मानाने मोठी दिसतात, म्हणून घड काढून टाकतो.

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. पहिले झाड जमिनीत तीन वर्षे वाढवा, असे गच्चीवर राहणाऱ्या माणसाला सांगणे अवघड आहे. त्यापेक्षा जून-जुलैत जाड फांदीवर गुटी बांधावी. फायकसची साल दोन-तीन सेंटिमीटर रुंद गोल काढून, ओले मॉस लावून प्लास्टिकने घट्ट बांधले तर पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळे दिसू लागतात. जाड बुंधा एका हंगामात हाती येतो आणि मुळेही चहूबाजूंनी फुटतात.

पाथर्डी_फाटा

गुटीचा सल्ला उत्तम आहे. पैसे भरण्यापूर्वी मात्र एका रविवारी नुसते पाहायला जा आणि तीन गोष्टी बघा, ताई. कुंड्यांच्या भोकांवर जाळी आहे का, खोडांवर जुन्या तारेचे व्रण किती आहेत, आणि मालक मेलेल्या झाडाविषयी मोकळेपणाने बोलतात का. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांनी हाताने झाडे वाढवली आहेत त्यांच्याकडून झाडे मेलेलीही असतात, आणि ती का मेली हे ते सांगू शकतात.

गच्चीवरची_इंदिरानगर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्युनिपरचा मृत्यू एप्रिलमध्येच झाला होता, हे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

काल रविवारी नर्सरीत जाऊन आले. सासूबाईंनाही बरोबर नेले होते. मालकांनी स्वतः होऊन एका कोपऱ्यात ठेवलेली वाळलेली झाडे दाखवली; प्रत्येकाच्या कुंडीत पत्र्याच्या पट्टीवर महिना आणि कारण लिहिलेले होते. दोन पट्ट्यांवर 'मे, मुळे कापली' असे होते. तेथे वडाचे एक झाड साधारण दीड फूट उंचीचे आहे आणि त्याच्या तीन पारंब्या मातीत उतरून खोडासारख्या झाल्या आहेत. सासूबाईंनी ते झाड सर्व बाजूंनी पाहिले, मालकांना त्याचे वय विचारले आणि त्याला कोणते खत घालता, हेही विचारले. परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "याला पाणी कोण घालतं रोज, ते विचारायचं राहिलं."

पुढच्या रविवारपासून जायचे ठरवले आहे. पहिले काम विटांचे तुकडे चाळण्याचे आहे, असे सांगितले गेले आहे, आणि येताना जुनी सुती साडी आणावी, धूळ फार उडते. दिंडोरीच्या दादांना विनंती आहे की ऑक्टोबरमध्ये छाटणी कोणत्या आठवड्यात सुरू होते ते कळवावे. मी काड्या न्यायला येईन.